अकराशे बावन्न हाका

काशीराम सकपाळ यांनी अलोऱ्याच्या कोयना वसाहतीत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी घरचा फोन दुसऱ्या कुणी आधी उचललेला त्यांना खपत नसे. ते आधी घसा साफ करीत, सदऱ्याचं वरचं बटण लावीत, आणि पलीकडे सख्खा पुतण्या असला तरी विचारीत, "बोला, कोण हवंय?"

"अहो, घरात माणसं तीन. कोण हवं असणार?" कमलाबाई आतून म्हणत.

तिसरी म्हणजे त्यांची मुलगी स्नेहल. मुंबईची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी ती अलोऱ्याला परत आली आणि घरूनच काम करू लागली. लोट्याच्या एका रसायन कारखान्यासाठी तिने वेबसाइट लिहिली होती. पाळी सुटली की कोणी कुठल्या बसमध्ये बसायचं, ती यादी गेटवरच्या स्क्रीनवर यायला हवी होती. येत होतीही, पण जवळजवळ पाच मिनिटांनी. तोवर तीनशेच्या आसपास माणसं गेटवर ताटकळत उभी राहून स्क्रीनचा उद्धार करीत.

कारखान्याच्या बस सांभाळणारे गुरुप्रसाद फोनवर म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी तीनला पाळी सुटेल तेव्हा यादी झटकन दिसली पाहिजे. नाहीतर घरून काम बंद. आमच्या मुंबई ऑफिसला येऊन बसा."

त्या दुपारी काशीराम यांनी ताटातल्या बांगड्याला हात लावला नाही. कमलाबाईंनी काय ते ओळखलं. लेकीला "जाऊ नको" म्हणणं काशीराम यांच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी खुर्ची ओढली. "दाखव बघू, कुठे अडलंय."

"बाबा, तुम्हाला नाही कळायचं."

"तुझ्या जन्माआधीपासून मुंबईला लाइनी जोडतोय मी. सांग तू."

स्नेहलने सुस्कारा सोडला. "माझा कोड लोट्याच्या सर्व्हरवर चालतो. कामगारांची माहिती असते मुंबईच्या सर्व्हरवर, एका ऑब्जेक्टकडे, म्हणजे ती माहिती सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याकडे. माझा कोड त्याला हाक मारतो, तो उत्तर देतो. इकडे त्याचा एक प्रतिनिधी बसवलेला असतो, त्यामुळे लिहिताना वाटतं, तो शेजारच्या खोलीतच आहे. एका ओळीत काम होतं."

"मग या तुझ्या लॅपटॉपवरही अडतं?"

"इथे दोघं एकाच मशीनमध्ये आहेत. पापणी लवायच्या आत यादी येते. म्हणून तर डोकं फिरलंय!"

"त्याला विचारतेस काय?"

"नाव."

"मग?"

"मग पाळी. मग बसचा थांबा. मग सीट नंबर."

"चारही एका दमात?"

"नाही, एकेक."

"आणि माणसंही एकेक?"

स्नेहलने मान डोलावली. काशीराम यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने गुणाकार मांडला. सहा बस, प्रत्येकीत अठ्ठेचाळीस माणसं, माणशी चार प्रश्न.

"अगो बाय माझे! अकराशे बावन्न ट्रंक कॉल?"

"एकेक हाक पाव सेकंदाची तर आहे, बाबा."

"गुणून बघ की!"

तिने गुणलं आणि कपाळाला हात लावला. घरात मारलेली हाक आणि गावाबाहेर मारलेली हाक, दोन्ही दिसायला सारख्या. तिथेच ती फसली होती.

काशीराम यांना आता चेव आला. "आपल्या वसाहतीतली मैना आठवते? नवऱ्याला मुंबईला कॉल लावून घेतला. 'पोचलात?' झालं, ठेवला. मग आठवलं, छत्री कुठे ठेवली ते विचारायचं राहिलं. परत लाइन. मग किल्ली. लाइन मिळायला दर वेळी अर्धा तास, नि बोलणं दोन शब्दांचं! त्या दिवसापासून मी नियम केला. काय काय विचारायचं ते आधी सगळं कागदावर लिहा, मगच मी लाइन जोडणार."

"आणि स्वतः बाजारात गेले की कोथिंबिरीसाठी तीनदा फोन करतात," कमलाबाईंनी आतून टोला हाणला.

स्नेहल हसली नाही. ती टाइप करायला लागली होती. मुंबईच्या ऑब्जेक्टला तिने एक नवीन काम शिकवलं: बसचा नंबर घ्यायचा आणि त्या बसमधल्या सगळ्यांची सगळी माहिती एकाच गाठोड्यात बांधून पाठवायची. अकराशे बावन्नच्या जागी सहा हाका.

शुक्रवारी तीन वाजता तिने गुरुप्रसादना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. कुणाचं बोलणं चोरून ऐकायचं नाही ही काशीराम यांची नोकरीतली शपथ. त्या दिवशी मात्र ते दाराआड उभे राहिले.

"आली यादी?" स्नेहलने विचारलं.

"आली. दोन सेकंदांत. सहाच्या सहा बस."

"मग एवढा आरडाओरडा कसला चाललाय तिथे?"

"अहो, माणसं बसली, पण एक बस हलेना! आमचा ड्रायव्हर हरिश्चंद्र चहाला गेलाय. इतके दिवस पाच मिनिटं हक्काची मिळायची त्याला. आता मला दोष देतोय."

"त्याचं माझ्याकडे औषध नाही, सर."

"नको, त्याला मी बघतो. तुम्ही आहात तिथेच बसा. मुंबईचं राहू दे."

"शाब्बास!" दाराआडून आवाज आला.

"कोण बोललं मध्येच?" गुरुप्रसादनी विचारलं.

"माझे बाबा, सर," स्नेहल म्हणाली. "ते लाइनवरच असतात."