दाराबाहेरच्या वहाणा

मॅट्रिक झाल्यावर नर्सिंगच्या मुलाखतीसाठी मी आईबरोबर सोलापूरला गेले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मंगळवेढ्याहून निघालेली एस.टी. वाटेत बंद पडली आणि पोचायला दिवेलागण झाली. शहरात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून स्टँडजवळच्या लॉजवर गेलो.

मॅनेजरने आधी आमच्या मागे कोण आहे ते बघितलं. "संगं गडीमानूस न्हाई?" आई नाही म्हणाली. मग त्याने उपकार केल्यासारखी अगदी टोकाची खोली दिली. आतली कडी तुटलेली. सांगायला गेले तर म्हणाला, इथं कोण खातंय तुम्हाला, आणि हसला. पाणी आणणारा नोकर दार ढकलून सरळ आत आला. थोड्या वेळाने पाण्याशिवायच आला. तिसऱ्यांदा चौकटीला टेकून माझं नाव विचारत उभा राहिला. मी मनातून पार गळाले. वडील जाऊन वर्ष झालं होतं. ते असते तर त्यांच्या एका खाकरण्याने सगळा लॉज सरळ झाला असता.

नोकर गेल्यावर आईने बोचकं सोडलं. त्यात वडिलांच्या वहाणा होत्या. धाकट्या भावाला आता त्या होत होत्या, म्हणून नवे तळ लावून घ्यायला आणलेल्या. आमच्याकडे उंबऱ्याशी पुरुषाच्या वहाणा दिसल्या, की हाक दिल्याशिवाय आत पाऊल टाकायची कुणाची टाप नसे. आईने त्या दाराबाहेर जोडीने मांडल्या, दार लोटलं आणि मोठ्याने म्हणाली, "अवो, जेवून घेता न्हवं? भाकरी सोडलीया."

वर्षभरात तिच्या तोंडून 'अवो' ऐकलं नव्हतं. माझा घास हातातच राहिला. बाहेर पावलं आली, दाराशी थांबली आणि परत गेली.

सकाळी वहाणा जागेवर नव्हत्या. मॅनेजर म्हणाला, तुमच्याबरोबर पुरुष नव्हताच, मग वहाणा कुणाच्या? आई भांडली नाही. रस्त्यावर आल्यावर एवढंच म्हणाली, "जाऊ दे. राखलं की त्यांनी आपल्याला."

मला नर्सिंगला घेतलं. आता आईही नाही. कुठल्या हॉटेलात उतरले की मी आधी कडी बघते, आणि जेवायला बसले की तिची ती हाक आठवते. त्या संध्याकाळी तिला कुणी ओ दिली नाही. पण आम्ही दोघींनी जरा वेळ वाट पाहिली होती.