बोलावलं म्हणून नाही

ढोलाचं कातडं तापल्याचा वास आला की मला शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं ते बेसमेंट आठवतं. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ, आत कार्निव्हलच्या मिरवणुकीची प्रॅक्टिस. मी तेव्हा मास्टर्स करत होते आणि थंडीने सैल पडलेला ढोल हीटरसमोर धरून बसले होते. सांबा, म्हणजे त्यांच्याकडचं ढोलावरचं नाचगाणं, शिकवणाऱ्या ब्राझीलच्या बाई सांगत होत्या, की त्यांच्या आजोबांच्या काळात काळ्या माणसाच्या हातात वाद्य दिसलं की पोलीस हिसकावून घ्यायचे, तरी सांबा थांबला नाही. तेवढ्यात मला न्यायला आलेले ओळखीचे एक काका हसून म्हणाले, "काय मस्त तापवतेस गं! तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं ते. गणपतीच्या मिरवणुकीत ये ना वाजवायला." माझ्या आडनावावरून त्यांनी सगळं ओळखलं होतं. गावात लग्न असो की मयत, बोलावणं आलं की माझ्या आजोबांना हलगी घेऊन धावावं लागे. धम्म घेतला त्या दिवशी त्यांनी ती चुलीत घातली. मी म्हटलं, "काका, बोलावलं म्हणून वाजवणं आमच्या आजोबांनीच बंद केलंय." "अगं, चिडतेस काय? कॉम्प्लिमेंट दिली मी!" मी ढोल गळ्यात अडकवला आणि ते निघून जाईपर्यंत वाजवत राहिले. मग बर्फातून चालत स्टेशन गाठलं. आता नोकरी आहे, स्वतःची गाडी आहे, आणि दर कार्निव्हलला पहिल्या रांगेत ढोल माझाच असतो. मला कुणी बोलावलेलं नसतं.