उजवीकडचं काळीज

मला पाहायला आलेला प्राध्यापक पदार्थविज्ञान शिकवायचा, म्हणजे त्याच्या सरांनी त्याला दिलेल्या नोट्स तो मुलांना उतरवून द्यायचा. आवाज मात्र असा, की गुरुत्वाकर्षण त्यानेच मंजूर करून आणलं असावं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला पुढे शिकायला पुण्याला जायचं होतं. वडिलांचं चादरींचं दुकान. "हे स्थळ जमलं तर लगीन, न्हाय जमलं तर पुणं," असं त्यांनी मला सांगून टाकलं होतं. प्राध्यापक जावई मिळणार म्हणून चार दिवस ते दुकानात गिऱ्हाइकांशीही गोड बोलत होते.

"काही विचारायचं असेल तर विचार," प्राध्यापक उदार होऊन म्हणाला. मी विचारलं. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात मी नुकतंच वाचलं होतं, की उपग्रहावरच्या दुर्बिणीला कोवळ्या ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण सापडलेत. बलाढ्य तारे नव्हेत, आपल्या सूर्याएवढे किंवा त्याहून लहान. अजून धुळीच्या ढगात गुरफटलेले, साध्या दुर्बिणीला धड दिसतही नाहीत. पण त्यांचे क्ष-किरण ढग भेदून बाहेर येतात, तेही सूर्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. म्हणजे आपला सूर्यही पोरवयात असाच तापट असणार! एवढ्याशा ताऱ्यात ही धग येते कुठून, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तो वडिलांकडे बघून हसला. "ताऱ्याचा एक्स-रे काढायला तिथं मशीन कोण घेऊन गेलं म्हणे?"

त्याच्याबरोबरचे सगळे खो-खो हसले. मी सांगितलं, की एक्स-रे कुणी काढलेला नाही, तारा स्वतःच क्ष-किरण बाहेर टाकतो. आपली हवा ते अडवते, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते.

"हे सिलॅबसला नाही," तो म्हणाला आणि पोह्यांकडे वळला. असल्या ठोंब्याला वर्गभर मुलं उभी राहून सर म्हणतात, याची मला किळस आली.

त्याची आत्या अक्कलकोटची. ती कानडीत पुटपुटली, की पोरगी लई बोलते, पण लग्न झालं की होईल गार. आम्हाला कानडी कळत नाही असा तिचा समज. सोलापुरात राहून! मग ती मराठीत म्हणाली, "हिची मावशी क्षयानं गेली म्हनं. पोरीच्या छातीचा एक्स-रे काढून दावा की. मंग बगू."

मी संतापले, पण वडील मला दवाखान्यात घेऊन गेले. फोटो झाल्यावर मला बाहेर बसवून ते डॉक्टरांशी बराच वेळ बोलत होते.

पुढच्या रविवारी मंडळी पुन्हा आली. वडिलांनी पाकिटातून फिल्म काढली, तशी प्राध्यापकाने ती हातातून जवळजवळ ओढून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "हे आमच्याच विषयातलं," तो म्हणाला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"हिचं काळीज उजवीकडे आहे!"

फिल्म त्याने सरळच धरली होती. फिल्ममधलं माणूस आपल्याकडे तोंड करून असतं, त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं, एवढंही त्याला उमगलं नाही. डावी बाजू म्हणून इंग्रजी एल त्याच्या नाकासमोर ठळक उमटलेला होता. मी एक वाक्य बोलले असते तर चूक तिथंच मिटली असती, आणि जन्मभर त्याच्या नोट्सवरची धूळ झटकत बसले असते. मी जीभ दाताखाली धरली.

"असली पोरगी कशी चालंल?" आत्या उठलीच. चहासुद्धा न घेता सगळे जिना उतरून गेले. चपला घालतानाही प्राध्यापक कुणाला तरी सांगत होता, की हा प्रकार फार दुर्मीळ असतो.

वडिलांनी खिडकीतली फिल्म उचलली आणि पाकिटात सरकवली.

"त्याचं चुकलं, तुला कळलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

मी उठून जिन्याकडचं दार लावून घेतलं. आता ते त्या लोकांना परत बोलवायला धावणार, असंच मला वाटलं.

"मलाबी कळलं हुतं की," वडील म्हणाले. "डॉक्टरनं समदं दावलं हुतं. पुण्याला कवा निघायचं ते सांग."