कर्नल महाराजांनी नारळ खाली ठेवला

जिजाबाईंना एक खोड होती आणि ती त्या कबूलही करत. कोणाच्या घरी काय शिजलं हे नाही कळलं तरी चाले, पण माणूस असा काहून वागला, हे कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मनीषनगरात मुलाकडे राहायला आल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता. हा कर्नल महाराज झाला कसा?

कृष्णकांत बोढे नरखेडकडच्या कुणब्याच्या घरचे. तीस वर्षं फौजेच्या इंजिनीअर पलटणीत काढली, पहाडात रस्ते फोडले, नाल्यांवर लोखंडी पूल टाकले आणि कर्नल होऊन घरी आले. अशा माणसानं पेन्शन खावी, सकाळी कुत्रं फिरवावं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओरडावं! यांनी काय केलं? मिसरूड न फुटलेल्या पोरांसोबत पाठशाळेत मांडी घालून दोन वर्षं पोथ्या घोकल्या आणि पूजा सांगू लागले. भटजी हसले, कुणबीही हसले. पण लोक बोलावू लागले, कारण नऊ म्हटलं की माणूस नऊला दारात हजर. त्यातही नेम असा की लग्न लावणार नाही, सत्यनारायण सांगणार नाही. नवं घर, नवी गाडी, नवी बोअर, बस.

"एवढंच काहून करता, महाराज?" जिजाबाईंनी एकदा रस्त्यात अडवून विचारलंच.

"आवड आहे, बाई."

आवड म्हणे! "आवड तं मलेही आहे," जिजाबाई घरी येऊन सुनेला म्हणाल्या, "म्हणून काय मी विमान चालवून राहिली?"

मग त्यांच्या रोहितनं घर बांधलं. दहा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली होती. नानाजी, म्हणजे जिजाबाईंचे मालक, त्याच खोल्यांत गेले. त्यामुळे गुरुवारचा मुहूर्त निघाला तेव्हा जिजाबाईंनी गावाकडच्या एकूण एक घराला फोन लावला. जाऊबाईंना तर दोनदा. दोन ट्रॅव्हल्स भरून माणसं येणार होती.

बुधवारी चारच्या सुमारास कर्नल महाराज आले. पूजेची मांडणी ठरवायला आले असतील असं वाटलं, तर पिशवीतून काय निघालं? टॉर्च आणि हातोडी. खांब ठोकले, जिना ठोकला, आणि वरच्या गॅलरीत जाऊन सरळ पोटावर आडवे झाले.

"बाप्पा! यायले चक्कर आली का?" जिजाबाई धावल्या.

चक्कर नव्हती. भिंतीला लागून टाइल्सवर केसाएवढी चीर गेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. महाराज उठले, धोतर झटकलं आणि रोहितला म्हणाले, "मिस्त्र्यानं स्लॅबच्या सळ्या खालच्या अंगाले टाकल्या आहेत. गॅलरीले त्या वरच्या अंगाले लागतात, नाही तं ते भिंतीपासून तुटून पडते. मी उद्या पूजा सांगणार नाही."

रोहित भडकला. "टाइल तडकली असन! तुमाले मंत्र म्हणाले बलावलं का इन्स्पेक्शनले? उद्या कुलूप लावतो ना गॅलरीले."

"उद्या लावशीन. परवा सूनबाई कपडे वाळू घालायले जाईन." त्यांनी कोपऱ्यातल्या ताटातला नारळ उगाच उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "हे पाडल्याशिवाय नाही."

रोहित फोन काढून दुसऱ्या भटजीचा नंबर शोधत खाली गेला. जिजाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली होती. सारं गाव निघायच्या तयारीत आणि हा माणूस अडून बसला! राग आला, पण खोड जाते का? त्यांनी तिथंच जिन्यावर बसून विचारलं, "महाराज, आता खरं सांगा. हे सोंग काहून घेतलं?"

कर्नल पायरीवर बसले.

"पहाडात एक पूल टाकला होता मी. एका जोडाची खीळ पुरती बसली नव्हती. दिसून राहिलं होतं मले. पण मोठे साहेब उद्‌घाटनाले येऊन उभे. पलटणीच्या पंडितजीनं नारळ हातात घेऊन विचारलं, 'साब, सब ठीक?' मी हो म्हटलं. नारळ फुटला, पहिला ट्रक निघाला आणि नाल्यात गेला. ड्रायव्हर तेवीस वर्षांचा होता."

कर्नलांनी हातोडी पिशवीत टाकली.

"चूक माझी, मी लिहून दिली. सजाही भोगली. पण एक समजलं, बाई. इंजिनीअर थांबा म्हणला तं लोक घड्याळ दाखवतात. नारळवाला थांबला तं साहेबही थांबतात."

खालून रोहितचा आवाज आला, "आई, दुसरे महाराज उद्या सकाळी सात वाजता येतो म्हणतात!"

जिजाबाई उठल्या. गुडघे कुरकुरले, पण त्या खाली गेल्या आणि त्याच्या हातातून फोन घेतला. "नका येऊ, महाराज," एवढं बोलून तो बंद केला. मग आपल्या फोनवरून गावाला एकेक फोन लावला. घर तयार नाही, येऊ नका. जाऊबाई खळखळून हसल्या, "काय वं, बंगला कागदावरच आहे का?" जिजाबाईंनी ऐकून घेतलं. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, तरी ऐकून घेतलं.

गुरुवारी मुहूर्ताच्या वेळी मिस्त्री आले. खाली दोरी बांधून रस्ता अडवला. घणाचा चौथा घाव बसला आणि अख्खी गॅलरी धाडकन खाली आली. वरच्या अंगाला सळई नावाला नव्हती. रोहित रेतीच्या ढिगावर मटकन बसला. जिजाबाईंनी दाराची चौकट धरली. हळदीकुंकवाला बायकांना त्यांनी त्या गॅलरीतच बसवायचं ठरवलं होतं, जाऊबाईंना सगळ्यांत पुढे.

वीस दिवसांनी दुसरा मुहूर्त लागला. गाव आलं, जाऊबाई आल्या. पूजेत पितरांचं नाव घ्यायची वेळ आली, तशा जिजाबाई हळूच म्हणाल्या, "महाराज, त्या ड्रायव्हरचं नाव काय होतं?"

कर्नल महाराज चमकले. "महीपाल."

"मंग आमच्या मालकासोबत त्याचंही घ्या. त्याच्यामुळे हे सारे उभे आहेत."

महाराजांच्या ओठांवरचा मंत्र तिथंच तुटला. घोकलेलं एक अक्षर आठवेना. सगळे बघत राहिले, रोहितनं पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पाठ ताठ केली आणि नाव घेतलं, पलटणीत हजेरीला घेतात तसं, मोठ्यानं.