तिसऱ्या वेळचा कोमल निषाद

ज्या फ्रेंच संगीतकाराच्या पियानोच्या रचना मी पाच वर्षं देवगडात बसून संगणकावर उतरवल्या, त्याच्यावर माझा राग नाही. तो बिचारा कधीच मेला. राग आहे त्याच्या चिकित्सक आवृत्तीवर आणि ती काढणाऱ्या विद्वानावर. आज इतक्या वर्षांनीही तो विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पुण्याच्या एका कंपनीला युरोपातल्या प्रकाशकाचं काम मिळालं होतं. पुण्यात तीन महिने राहून मी पाच रेघांवरची ती स्वरलिपी शिकले आणि घरी परतले. कुरियरने सीडी यायची. तिच्यात संगीतकाराच्या हस्तलिखिताचे फोटो, शिवाय पहिल्या छापील प्रतीचे. दोन्ही शेजारी ठेवून सूर न् सूर ताडायचा, फरकांची यादी करायची, आणि विद्वान ठरवेल ते स्वच्छ उतरवायचं. टिंबसुद्धा आपल्या मनाने हलवायचं नाही. वीज दिवसातून चार-पाच तास जायची. आली की हातातलं पीठ तसंच ठेवून मी खुर्चीकडे धावायचे.

बाबा दशावताराच्या कंपनीत पेटी वाजवायचे. चाळीस वर्षं वाजवली, पण समोर कागद असा कधी नव्हताच. नटाने पद कुठल्याही पट्टीत उचललं तरी बाबांची बोटं तिथे हजर. जत्रांचा हंगाम संपला की ते माझ्यामागे खुर्ची टाकून बसायचे, कारण मी उतरवलेलं संगणक वाजवून दाखवायचा. पहिल्या दिवशी म्हणाले, "ह्यां काय गो, पेटयेत उंदीर शिरल्यासारख्यां?" पण पंधरा दिवसांत त्यांना गोडी लागली. जेवण थंड झालं तरी उठायचे नाहीत.

एका संथ रचनेत डाव्या हाताला एक तुकडा तीनदा येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर दोनदा त्यात कोमल निषाद आहे आणि तिसऱ्यांदा शुद्ध. हस्तलिखितात शुद्ध, छापील प्रतीतही शुद्ध. बाबा ताडकन उठले.

"थांब थांब. हयसर चुकलो तो."

"कोण चुकलो?"

"लिवणारो. दोनदा कोमल लावन इलो आणि आता शुद्ध? उजवो हात अजून कोमलाचीच वाट बघता. ऐक गो."

त्यांनी पेटी ओढली आणि तो तुकडा दोन्ही तऱ्हांनी वाजवला. माझ्या अंगावर काटा आला. ते बरोबर होते, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

मी विद्वानाला ईमेल लिहिली. आधार काय, असं त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं: माझे वडील लोकनाट्यात पेटी वाजवतात, त्यांच्या कानाला हे खटकलं. उत्तर फार सभ्य होतं. वडिलांना नमस्कार कळवला होता. मात्र पुरावा कागदावर लागतो, कान हे साधन म्हणून धरता येत नाही, आणि तिसऱ्या वेळी संगीतकाराने मुद्दाम बदल केला असेल. पुण्याच्या साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी फोनवर मला झाडलं, "मॅडम, तुम्ही सांगितलेलं काम करा. वडिलांना मध्ये आणू नका."

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय म्हटल्यान तेणां?"

साहेबांवरचा राग मी त्यांच्यावर काढला. "बाबा, ती शिकलेली माणसां आसत. कागद बघून बोलतत. तुमका त्यातली एक वळ तरी वाचूक येता?"

 दुसऱ्या दिवशी बाबांनी आपली खुर्ची पडवीत नेली. पुन्हा माझ्यामागे येऊन बसले नाहीत. मीही बोलावलं नाही. काम भराभर उरकायला लागलं म्हणून मला उलट बरंच वाटलं.

दोन वर्षांनी त्याच खंडाच्या टिपा जुळवायला माझ्याकडेच आल्या. त्यांत ती जागा होती. संगीतकाराची स्वतःची छापील प्रत कुणाच्या तरी घरी सापडली होती आणि तिच्यात तिसऱ्या ठिकाणी पेन्सिलीने कोमलाची खूण होती. ती त्याची की त्याच्या एखाद्या शिष्येची, हे ठरत नव्हतं. त्या खुणेच्या वळणावर विद्वानाने अर्धं पान लिहिलं होतं, आणि शेवटी निकाल: कोमल ग्राह्य. माझ्या पत्राचा उल्लेख नाही, बाबांचा तर नाहीच. कोण कुठली बाई, तिने शंभर वर्षांपूर्वी ओढलेली रेघ पुरावा, आणि माझ्या बापाचा कान म्हणजे कचरा! मी कीबोर्ड आपटला. मग ते अर्धं पान स्वल्पविरामांसकट मीच जुळवलं, आणि रचनेच्या पानावर कोमलाची खूणही मीच घातली.

बाबा पडवीत रातांबे फोडत बसले होते. हात कोपरापर्यंत लाल. मी धावतच गेले.

"बाबा, तुमचो कोमल बरोबर होतो! कागदार गावलो!"

त्यांनी मान वर केली नाही.

"माका तेवाच ठावक होतां," ते म्हणाले. "तो गोरो माका वळखना नाय. तेका कागद व्हयो, तां बरोबर. पण तू माझ्या मांडयेर बसान पेटी ऐकलंस गो. तुका कागद कित्या लागलो?"