मंदाच्या कॉम्प्युटरची जुळवाजुळव

आमच्या मेहरूणच्या गल्लीत ओट्याला ओटा लागून. कान झाकले तरी शेजारची गोष्ट आत येतेच, आणि मी काही कान झाकणारी बाई नाही! पण एकट्या मंदाच्या कॉम्प्युटरने दिले तेवढे किस्से अख्ख्या गल्लीने मिळून दिले नसतील.

मंदा म्हणजे शेजारची थोरली सून. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका छापायची. लोकांना आता तोरणाची, वळणदार अक्षरांची पत्रिका हवी, म्हणून तिला नवी विंडोज टाकायची होती. सासरे, आमचे आबा, अक्षय तृतीयेची मुदत घालून बजावून बसले, "आखाजीपर्यंत धाकट्याच्या लग्नाची पत्रिका यावर छापून दाखव. नाहीतर खोली भाड्याने देतो!"

मंदा एवढंच म्हणाली, "दाखवते."

*

दुसऱ्याच दिवशी तिने कॉम्प्युटरचा डबा ओट्यावर उघडला. समोरचे नाना लगेच हजर. "बिघडला वाटतं?"

"नाही नाना, बिघडू नये म्हणून उघडलाय! नव्या विंडोजला मेमरी पुरते का, ते आधी बघायचं."

*

मेमरी पुरेना. धुळ्याहून आणवली, तर ती खाचेत बसेना. मी म्हटलं, "जरा दाबून बघ." मीच दाबायला गेले, तर तिने माझा हातच धरला!

मग आपण ब्लाऊजपीस जुळवायला साडी नेतो ना, तसा तिने अख्खा डबा चादरीत गुंडाळून एसटीने धुळ्याला नेला. कंडक्टर म्हणाला, "ताई, लगेजचं तिकीट?"

"मांडीवरच्या लेकराला तिकीट लागतं का, भाऊ?"

*

धुळ्यात खाचेत बसणारी मेमरी मिळाली. नंतर फैजपूर. तिथल्या एका मास्तरांकडे नवी विंडोज होती. आपलं मराठीचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालतं का, हे बघायला मंदा फ्लॉपी आणि प्रिंटर घेऊन निघाली. मीही निघाले, कोणी बोलावलं नव्हतं.

पहिला कागद आला. नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसत्या चौकटी! मास्तर हळहळले. मंदा खूश. "बरं झालं, इथंच कळलं!" सॉफ्टवेअरची नवी फ्लॉपी मिळवूनच ती घरी आली.

*

आबा वैतागले. "सून आणताना आम्ही इतकं नव्हतं पाहिलं!"

"मीही नव्हतं पाहिलं आबा. म्हणून आता पाहतेय."

*

खोलीत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा मंदाचा नियम. आबा मात्र शेतातले बूट घालून सरळ आत. "देवघर शे का हाई?" म्हणजे, हे काय देवघर आहे?

आखाजीच्या आदल्या दुपारी तिने विंडोज टाकली. ऊन असं की डबा तापायला लागला. मी पदराने वारा घालत बसले. आबा खुर्चीत बसलेले. शेवटी प्रिंटर कर्रकर्र करू लागला. तोरण आलं, गणपती आला, खाली धाकट्याचं नाव, पूर्ण. आबांनी कागद दोन्ही हातांनी धरला आणि वाचत बसले.

तेवढ्यात खोली बघायला भाडेकरू आला. उंबरा ओलांडणार, तोच आबा ओरडले,

"ए भाऊ! चपला बाहेर! आणि दार लाव, ऊन येतंय त्याच्यावर!"