मावळतीच्या उन्हातला कॅमेरा

नगरच्या एका कॅमेरावाल्याने मला फसवलं. लग्नाच्या कॅसेटी काढायला मला सिनेमासारखं चित्र देणारा व्हिडिओ कॅमेरा हवा होता. हा बुटका गृहस्थ गळ्यात पिवळं फडकं अडकवून बसायचा आणि भाव विचारला की भिंगावर फुंकर मारून ते पुसत राहायचा. मी भर दुपारी घासाघीस सुरू केली. तो नमला तेव्हा दिवस कलला होता. मग त्याने मला दुकानाच्या दारात उभं करून शूटिंग केलं आणि लगेच टीव्हीवर दाखवलं. सोनेरी उजेडात मी हिरोच दिसत होतो.

तिसगावचं माझं पहिलंच लग्न बाराच्या मुहूर्ताचं, लाल कापडाच्या मंडपातलं. कॅसेट बघून नवरीचा बाप म्हणाला, "आमची समदी माणसं टमाट्यावानी दिसत्यात. धाकटीचं लगीन दुसऱ्याला देतो."

तणतणत मी दुकान गाठलं. भिंगावर फुंकर मारत तो म्हणाला, "शेठ, सिनेमा मावळतीच्या उन्हात हुता. संध्याकाळ तुमीच केली. आता गोरज मुहूर्ताचीच लग्नं घ्या."

सगळीच लग्नं संध्याकाळी लावतंय कोण आमच्याकडे? त्याने दुपारीच भाव सोडला असता, तर मी भर उन्हातच कॅमेरा पारखला असता. दिवस कलेपर्यंत अडून बसला तो. मग याचा जाब त्यानेच द्यायला नको?